खाल्लं की धाप लागते: सीओपीडीच्या नव्या पेशंटसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

मायला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अडून धाप लावणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे असं निदान झालं त्या दिवशी तिचं वजन भरलं 38 किलो. गावात सगळे तिला दमा आहे म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो. तिने जन्मात बिडीला हात लावला नाही. पण चाळीसेक वर्षं पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, तोही एकच झरोका असलेल्या खोलीत. डॉक्टरांनी पंप (श्वासातून औषध ओढायचा इनहेलर) लिहून दिला, पुढची तारीख दिली. खायचं काय, हे ना आम्ही विचारलं, ना त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर तिने जेवण कमी केलं. "पोट भरलं का जीव गुदमरते वं, मले नको वाढू," म्हणायची. आम्हाला वाटलं, बरोबरच आहे, आजारी माणसाने हलकंच खावं. दोन भाकरींची एक झाली, मग अर्धी, मग चहा-टोस्ट. चार महिन्यांत ती भिंत धरून न्हाणीपर्यंत जायला लागली. आम्ही समजत होतो आजार वाढला. आजार होताच, पण तिच्या अंगात श्वास ओढण्यापुरतंही बळ उरलं नव्हतं. हे आम्हाला पुढे एका आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं. तुमच्या घरात नुकतंच हे नाव आलं असेल तर आमच्यासारखे तुमचेही चार महिने वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी नाव पक्कं करा

आपल्याकडे धाप लागणाऱ्या प्रत्येकाला दमा असतो. खरं तर दमा वेगळा, सीओपीडी वेगळा, टीबी वेगळा आणि हृदयामुळे लागणारी धाप वेगळी. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर पहिल्यांदा थुंकीची तपासणी करा, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. नंतर स्पायरोमेट्री. यात नळीत जोरात फुंकायला लावतात आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजतात. पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकल्यावरही हे प्रमाण एकूण फुंकलेल्या हवेच्या 0.70 पेक्षा कमी राहिलं, तर श्वासनळ्या अडल्या आहेत असं धरतात. नुसत्या एक्स-रेवर सीओपीडी पक्का होत नाही. स्पायरोमेट्री जिल्ह्याच्या ठिकाणी, मेडिकल कॉलेजला होते. वर्धा जिल्ह्याच्या आसपास असाल तर सेवाग्राम आहेच.

डॉक्टरांना कामाबद्दल सगळं सांगा. चूल, बिडी, वणी-घुग्घुसकडची कोळशाची खाण, जिनिंगमधली कापसाची धूळ, तरुणपणी होऊन गेलेला टीबी, यातलं काहीही कारण असू शकतं. बायका चुलीचा उल्लेखच करत नाहीत, कारण चूल हे त्यांना "काम" वाटत नाही. तुम्ही सोबत असाल तर तुम्ही सांगा.

या आजारात हवा आत जाते, पण नीट बाहेर पडत नाही. छातीत शिळी हवा कोंडून राहते आणि फुप्फुसं फुगलेली राहतात. ती खालच्या पडद्याला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूला, खाली दाबतात. आता पोट गच्च भरलं की तेही खालून वर दाबतं. मधला पडदा हलणार कुठे? खाल्लं की धाप लागते ती यामुळे. अन्न बाधत नाही, जागा कमी पडते. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं होतं.

पंपाला भिऊ नका

"पंप एकदा लागला का सुटत नाही" हे तुम्हाला दहा जण सांगतील. पंपाचं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून फार थोडं पुरतं. गोळी आणि सुईतून तेच औषध सगळ्या अंगभर फिरतं. गावातल्या एका दवाखान्यात माय दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी सुई घ्यायची आणि दोन दिवस टवटवीत दिसायची. ती स्टेरॉइडची होती हे आम्हाला फार उशिरा कळलं. असं वारंवार घेतल्याने हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते. कुठलीही सुई घेताना नाव कागदावर लिहून मागा. बिननावाच्या पुड्यांनाही हेच लागू.

दाबायचा पंप असेल तर स्पेसर मागून घ्या, म्हणजे ती प्लास्टिकची पोकळ नळी. पंप हलवायचा, छातीतली हवा सोडून द्यायची, पंप एकदा दाबायचा, हळू खोल श्वास ओढायचा आणि दहापर्यंत मोजत रोखायचा. दुसरा दाब अर्ध्या-एका मिनिटाने. कॅप्सूलचा पंप असेल तर उलट, तिथे झटकन आणि जोरात ओढावं लागतं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून गुळण्या करायच्याच, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, तोंड आलं की जेवण गेलं. प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा. मायचं अर्धं औषध कितीतरी महिने जिभेवरच पडत होतं.

ताट कसं वाढायचं

धडधाकट माणसाला श्वास घेताना कष्ट जाणवत नाहीत. या पेशंटचे श्वासाचे स्नायू मात्र दिवसभर जणू चढाला लागलेले असतात, त्यांना खाणं जास्त लागतं. म्हणून खाणं कमी करायचं नाही, वेळा वाढवायच्या.

दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. मायचा दिवस असा जातो. सकाळी उठून पंप, मग कोमट पाणी पिऊन बेडका काढणं. थोडं थांबून एक वाटी ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून, किंवा अंडं आणि अर्धी भाकरी. दहाच्या सुमारास मूठभर शेंगदाणे भिजवून किंवा उकडून, सोबत केळ. दुपारी एक भाकरी, घट्ट वरण, भाजी. चारला दूध किंवा राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी सातच्या आत मुगाची मऊ खिचडी, वरून चमचाभर तूप किंवा कच्चं तेल. झोपताना वाटलं तर अर्धा कप दूध. झोपायच्या दोन तास आधी मुख्य जेवण उरकलेलं असतं, म्हणजे आडवं झाल्यावर पोट वर दाबत नाही.

जेवायच्या आधी अर्धा तास काही काम नाही. अंघोळ करून लगेच ताटावर बसवू नका, अंघोळीतच तिचा दम संपलेला असतो. जमिनीवर मांडी घालून वाकून जेवण्याऐवजी खुर्ची किंवा बाज, समोर उंच काहीतरी, पाठ ताठ. घास लहान. घास तोंडात असताना बोलायचं नाही, बोलवायचंही नाही. दम लागला तर ताट तसंच ठेवून दोन मिनिटं थांबायचं, मग पुन्हा. आमच्याकडे आधी ताट उचलून न्यायची घाई असायची, आता मायचं ताट ती सांगेल तेव्हाच उचलतो. पाणी जेवणाच्या मध्ये दोन घोट, बाकीचं मधल्या वेळेत. ताटावर बसताच तांब्याभर पाणी प्याली की भूक तिथेच गेली.

कडक भाकरी चावताना जबडा दुखतो आणि दमही जातो. वरणात, कढीत, दुधात कुस्करून द्या. आळण, पातळ भाजी, कण्या, आंबील, मऊ भात, हे आपल्या घरातलंच खाणं या आजाराला चांगलं मानवतं.

आता बळ देणारा भाग, प्रथिनं. सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच. रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 38 किलोच्या मायला 46 ते 57 ग्रॅम. आहारतज्ज्ञ बाईंनी आमच्यासमोर कागदावर हिशोब मांडला होता: दोन अंडी 12, एक ग्लास दूध 6, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे 7, वाटीभर घट्ट वरण 6, तीन लहान भाकरी मिळून 15. बेरीज 46. यातलं काहीही विकत आणायला शहरात जावं लागत नाही. मायच्या ताटात तेव्हा काय होतं? पाण्यासारखं वरण, एक भाकरी, चहा. जेमतेम दहा ग्रॅम.

अंडं खात नसाल तर दही, पनीर, मूग, चवळी. आणि सोयाबीन. पट्टेच्या पट्टे सोयाबीन पिकवतो आपण, पोतं भरून विकतो, घरात मात्र तेल सोडून काही येत नाही. कच्चं दळू नका, ते पचायला जड जातं. सोयाबीन वीस मिनिटं उकळून, पाणी टाकून, कडक उन्हात वाळवा आणि नऊ किलो गव्हात एक किलो मिसळून दळून आणा. पोळीला चव बदललेली कळतही नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.

तेल-तूप, तीळ, जवसाची चटणी, शेंगदाण्याचं कूट हे सढळ हाताने वापरा, पेशंट बारीक असेल तर. थोड्याशा घासात जास्त ताकद मिळते. शिवाय स्निग्ध पदार्थ जळताना भात-साखरेपेक्षा कार्बन डायऑक्साइड कमी तयार होतो, आणि या छातीला तोच बाहेर टाकणं जड जातं. नुसता भात, नुसता साबुदाणा, नुसती बिस्किटं यांनी पोट भरतं, अंग भरत नाही. पेशंट स्थूल असेल तर मात्र तेल-तुपाला हात आखडा, कारण पोटाची चरबीही पडद्याला वर दाबते.

ज्याने पोट फुगतं ते ओळखा. आपल्याकडे मुख्य संशयित बेसन आणि चणा: चून (पिठलं), पाटोडी, गोळाभात. थंडीत पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, पत्ताकोबी, आणि तळणाचे वडे. सगळ्यांना सगळं बाधत नाही. एकेक पदार्थ दोन-तीन दिवस सोडून बघा, ज्याने फरक पडेल तो कमी करा. मायला चून बाधतो, पत्ताकोबी बाधत नाही. जिरं-ओव्याची फोडणी आणि हिंग घाला. सावजीचा झणझणीत रस्सा, तर्री-पोहे यांच्यात मिरचीच्या ठसक्याने खोकल्याची उबळ येते. चव हवी तर सांबार (कोथिंबीर), लिंबू, लसूण यांनी आणा.

मीठ. लोणचं, पापड, कुरड्या, शेव यांतून नकळत जातं. पायावर सूज असेल तर हे सगळं बंद, आणि पाणी किती प्यावं हेही डॉक्टर सांगतील तेवढंच. सूज नसेल तर पाणी भरपूर, कारण अंगात पाणी कमी झालं की बेडका चिकट होतो.

दूध, केळ, संत्रं, दही यांनी "कफ होतो" म्हणून लोक आजाऱ्याची ताकदच काढून घेतात. दुधाने तोंडातली लाळ थोडी घट्ट वाटते, छातीतला कफ वाढत नाही. एखाद्या फळाने खरंच खोकला येत असेल तर ते सोडा, पण सगळी फळं बंद करू नका. आमच्याकडे संत्र्याच्या दिवसांत माय रोज एक खाते.

चहाबद्दल एक. थिओफिलिनची गोळी चालू असेल तर दिवसातून पाच-सहा कप चहाने छातीत धडधड, हाताला कंप होऊ शकतो. दोन कपांवर आणा. चहाने भूकही मरते.

उपवास हा नाजूक विषय आहे. मायचे चतुर्थी आणि श्रावण सोमवार होते. मी तिला बंद कर म्हटलं नाही. भगर, दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, केळ, दूध असं दर दोन-तीन तासांनी द्यायला लागले. निर्जळी मात्र सोडायला लावली. "देवाले काय तुयाच उपास पाहिजे?" असं शेजारच्या आजीच म्हणाल्या, ते तिला पटलं.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला उपकेंद्रात वजन करा, त्याच काट्यावर, आणि वहीत लिहा. सहा महिन्यांत मुद्दाम कमी न करता वजन शेकडा पाचने उतरलं, म्हणजे 40 किलोच्या माणसाचं दोन किलो, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. आणि उलट, दोन-तीन दिवसांत अचानक दोन किलो वाढलं तर ते बहुधा पाणी असतं. पायाच्या नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघा.

धूर घराबाहेर

खाणं कितीही सुधारलं आणि धूर तसाच राहिला तर उपयोग नाही. उज्ज्वलाची शेगडी 2016 नंतर गावोगाव आली. पण सिलिंडर महाग पडतो म्हणून ती फळीवर आणि स्वयंपाक चुलीवर, हे चित्र मला घराघरांत दिसतं. परवडत नसेल तर निदान पेशंट घरात असेल तेवढ्या वेळचा स्वयंपाक गॅसवर करा आणि अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण चुलीवर, अंगणात, धूर घरात येणार नाही अशा बाजूला. फोडणी आणि मिरच्या भाजणं चालू असताना पेशंट ओसरीवर. बिडी ओढणारा घरात दुसरा कुणी असेल तर त्यानेही बाहेर जावं. पेशंट स्वतः ओढत असेल तर बिडी सोडणं हे कुठल्याही औषधापेक्षा मोठं औषध आहे. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे 1800-11-2356, फुकट. बिडी सोडून खर्ऱ्यावर, म्हणजे तंबाखू-सुपारीवर, येऊ नका. तोंड उघडेनासं झालं तर घास कसा जाणार.

डासांसाठी गोवऱ्यांचा धूर, कॉइल, उदबत्त्या, शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) पेटवलेल्या पऱ्हाट्या, सोयाबीन मळणीची धूळ, कुटार (गुरांचा भुसा) भरणं, फवारणी, होळी. या सगळ्यांपासून दूर. डासांना मच्छरदाणी लावा.

श्वास आणि हालचाल

मायला आयुष्यभर फुंकणीची सवय होती, आणि ओठांचा तोच चंबू तिच्या उपयोगाला आला. नाकाने दोन मोजत श्वास आत, आणि ओठ फुंकणीसारखे करून चार मोजत हळूहळू बाहेर. फुंकर जोरात घालायची नाही, गरम चहावर घालतो तेवढीच. याने कोंडलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो. बादली उचलताना, खाली वाकताना, पायरी चढताना श्वास बाहेर सोडत करायचं. दम लागलाच तर समोर झुकून कोपरे मांड्यांवर टेकून बसायचं.

आराम करकरून मांड्यांचं मांस झडतं, मग चार पावलांत धाप. खाल्लेल्या प्रथिनांचं मांस व्हायला हालचाल हवीच. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच मिनिटं, मग दर आठवड्याला थोडं वाढवत जा. बोलता येईल इतकाच दम लागू द्या. जोडीला खुर्चीतून उठणं-बसणं पाच वेळा, दिवसातून दोनदा. अंघोळ स्टुलावर बसून, भाजी निवडणं बसून. माय सुरुवातीला दारापासून तुळशीपर्यंत जायची, आता मारुतीच्या पारापर्यंत जाते, वाटेत दोनदा थांबून.

ऋतू

आपला विदर्भातला उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो. अकरा ते पाच बाहेर नको. ताक, पन्हं, पाणी थोडं थोडं. कूलरचं गवत दरवर्षी बदला आणि टाकी धुवा, त्यात बुरशी होते. थंडीत सकाळचं चालणं ऊन आल्यावर, नाका-तोंडावर रुमाल बांधून. हिवाळ्यापूर्वी फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची लस कोणती व कधी ते डॉक्टरांना विचारा.

घरी ऑक्सिजनचं मशीन दिलं असेल तर जेवतानाही लावून ठेवा, जेवताना ऑक्सिजन जास्त खर्चतो. ज्यांना नेहमीसाठी लिहून दिला आहे त्यांना दिवसाचे किमान 15 तास तो लागतो. मशीनवरचा ऑक्सिजनचा काटा आपल्या मनाने वाढवू नका. काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने अंगात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. चूल, दिवा, बिडी त्या खोलीत नको.

केव्हा थांबायचं नाही

बेडका पिवळा-हिरवा झाला, वाढला, नेहमीपेक्षा दम जास्त लागतो, ताप आला, पायावर सूज चढली, तर त्याच दिवशी दाखवा. ओठ-नखं निळी पडली, वाक्य पूर्ण करता येईना, बडबड किंवा न उठणारी झोप आली, थुंकीत रक्त दिसलं, तर 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत बसवून ठेवा, आडवं करू नका, आणि खायला-प्यायला देऊ नका.

एका पिशवीत स्पायरोमेट्रीचा कागद, चालू औषधं आणि पंप, वजनाची वही, रेशन कार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड असू द्या. ती पिशवी आमच्या दाराच्या खुंटीला टांगलेली असते. वहीतली मायची शेवटची नोंद 43 किलो आहे.